बसून जेवणारे भाऊजी

अहेरीत राहून दोन देशांचा न्यायनिवाडा करणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भाऊजींनी मस्कतच्या वर्कशॉपात काही वर्षं फिटरचं काम केलं. परत आले ते एक टेपरेकॉर्डर, दोन जाडजूड ब्लँकेटं आणि तुलना करायची न सुटणारी खोड घेऊन. एसटी उशिरा आली की मस्कत निघे. ताईच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी मस्कत निघे. मार्कंड्याच्या जत्रेत पाळणा मध्येच अडकला तेव्हा वर लटकलेली माणसं देवाचा धावा करत होती, आणि भाऊजी तेवढ्या उंचीवरून पाळणेवाल्याला तिकडची क्रेन समजावून सांगत होते.

पण कुणी म्हटलं, "तिकडचं लय गुणगान करता," की ते उखडत. "गुणगान नाई करून राह्यलो बे! तिथी मालकानं माहा पासपोर्ट कुलपात ठेवला. माय गेली तं सुट्टी नाई भेटली. काऊन नाई, हे इचाराची सोय नाई. पण गोरा इंजिनिअर माह्याच बाकावर बसून जेवे. इथी उलटं! चौकात कोणालेई शिव्या द्या, मोर्चे काढा. पण साहेब आला का घास तोंडात घेऊन उभे राहा! मले दोन्ही पायजे. बोलाचंई अन् बसाचंई."

खोटं नव्हतं ते. भाऊजी लाकूड कापायच्या ज्या आरामशीनवर कामाला होते, तिथे मॅनेजर शेडमध्ये शिरला की जेवणारेही डबा सोडून उठत. रीतच होती, आणि तो चक्कर नेमकी जेवणाच्या सुट्टीतच मारी. मी तेव्हा पत्रकं लिहीत असे, त्यांत जग उलथवायचं असे. भाऊजींना फक्त बसून जेवायचं होतं.

एकदा ताईने दिलेला डबा घेऊन मीच गेलो होतो. मॅनेजर आला. सगळे उठले. भाऊजी वांग्याच्या भाजीत भात कालवत राहिले.

"मी आलोय, दिसत नाही?"

"दिसले ना साहेब. या, बसा. भाजी चांगली हाये." आणि ते फळीवर थोडे सरकलेही!

"कामावर राहायचं असेल तर ऊठ."

"जेवाची सुट्टी माही हाये. तिच्यात उभं राहाचा पगार तुमी देत नाई."

भाऊजी सावकाश जेवले, हात धुतले, आणि त्याच दुपारी कामावरून काढले गेले. आरामशीनच्या मालकाने गावभर निरोप फिरवला. त्यानंतर अख्ख्या अहेरीत त्यांना कुणी काम दिलं नाही. शेवटी मस्कतलाच परत जायचं ठरलं.

स्टँडवर शेडमधला एक जण आला. "भाऊ, आमी उठलो त्या दिवशी. राग नको धरू."

"राग कायचा? लेकरंबाळं हायेत तुमाले. पण जरा हळू उठत जा."

मला मात्र राहवलं नाही. "भाऊजी, पासपोर्ट पुन्हा त्यायच्याच हाती देऊन राह्यले काय?"

"देतो. तिथी बसून जेवीन. बोलाचं ते तू बोल इथी."

आरामशीनवर हल्ली माणसं फारच हळू उठतात. कुणाचा गुडघा धरतो, कुणाच्या डब्याचं झाकण लागत नाही; पुरते उभे होईतो मॅनेजर शेडबाहेर गेलेला असतो. भाऊजींना हे कळवावं असं रोज वाटतं. पण तिकडे गेलेलं पत्र आधी मालक फोडतो.