शेजारचं ताट

नाताळची सुट्टी संपली की माणसं वजनकाट्यापासून लांब पळतात आणि मळलेले कपडे लॉन्ड्रीत आणून टाकतात. हे बरंच आहे म्हणायचं, नाहीतर डागदरचं घर कशावर चाललं असतं? डागदर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कपड्यावरचे डाग काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही, म्हणून गल्लीनं त्याला ही पदवी बहाल केली. खऱ्या डॉक्टरपेक्षा आपल्या नवऱ्याकडे गर्दी जास्त असते, असं त्याची बायको चारचौघांत सांगते.

यंदा मात्र ती गर्दी बघून त्याच्या पोटात गोळा आला. आधीच तिथे जागा नव्हती. सुट्टीभर त्यानं इतकं खाल्लं होतं आणि इतकी वाइन रिचवली होती, की वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहिलं की आधी पोट टेबलाला टेकायचं आणि मग हात पोचायचा. पट्टा शेवटच्या भोकावर गेला होता. कुणी जेवणाचं नुसतं नाव काढलं तरी घशाशी यायचं. गठ्ठे टाकता टाकता गिऱ्हाइकं म्हणत, काय डागदर, सुट्टी अंगी लागली वाटतं? तो हसायचा. हसण्याचाही आता त्याला शीण येत होता.

लोकांना वाटलं, हावरटपणा केला असेल. बायकोलाही तसंच वाटलं, आणि तिला खरं काय ते सांगायची सोय नव्हती.

त्याचा थोरला भाऊ जन्मभर बस चालवून आता घरी बसला होता. सुट्टीतली सगळी जेवणं दादाच्या घरी व्हायची, हे त्यांची आई असल्यापासून चालत आलेलं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं लांब टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ, टोकाला दादा आणि त्याच्या उजव्या हाताला धाकटा. भाजलेली कोंबडी दादा स्वतः कापायचा, सगळ्यांना वाढायचा, मग स्वतः आडवा हात मारायचा. पोरांनी ताटात टाकलेलं दिसलं तर तेही ओढून घ्यायचा. खाऊन माजावं, टाकून माजू नये, असं म्हणत म्हणत तो तिसऱ्यांदा वाढून घेई. अशा माणसाच्या घशात गाठ व्हावी, यासारखा वाईट विनोद नाही.

सुट्टी सुरू व्हायच्या आधी एका दुपारी दादा लॉन्ड्रीत आला तेव्हा त्याच्या हातात धुवायचं काही नव्हतं. मळक्या चादरींच्या गाठोड्यावर तो बसला आणि बसल्या बसल्या त्यानं सगळं सांगून टाकलं. घास खाली उतरत नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. अन्ननलिकेत गाठ आहे, नव्या वर्षात ऑपरेशन, तारीखही ठरली. वहिनींना मात्र त्यानं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टीला घरी येणार होती, जावई आणि नातवासकट. वहिनी कधीपासून केकसाठी मनुका भिजत घालून बसल्या होत्या.

"सुट्टी होऊ दे," दादा म्हणाला. "पोरगी परत गेली की मी सांगतो हिला. तोवर माझ्या ताटातलं तू संपवायचं. बस, एवढंच कर."

वहिनींच्या लक्षात आलं तर काय, असं डागदरनं विचारलं. त्यावर दादा म्हणाला की तुझं खाणं एकदा सुरू झालं की बघणाऱ्याचं दुसरीकडे लक्ष जातं कुठे.

नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला तेव्हाच कळत होतं. पण वडील गेल्यावर ज्यानं आधी धाकट्याला भरवलं आणि मग भांड्यात उरलेलं खाल्लं, त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तो हो म्हणाला.

मग सुरू झालं. वहिनी वाढून स्वयंपाकघराकडे वळल्या की दादा आपलं ताट जरासं इकडे सरकवायचा आणि डागदर चमच्यानं त्यातलं ओढून घ्यायचा. मांसाचे तुकडे, लोण्यात परतलेले बटाटे, दाट रस्सा, वरून केक. दादाचा पेलाही यानंच रिकामा करायचा. दादा तोंडात काही नसताना चावत राहायचा, मान डोलवायचा, नातवाला मांडीवर घेऊन बसच्या गमती सांगायचा. ताट रिकामं दिसलं की वहिनी लगेच आणखी वाढायच्या, आणि दिवसेंदिवस त्यांचा हात सढळच होत गेला. डागदरला वाटायचं, या बाईच्या वाढण्याला काही अंत आहे की नाही?

घरी जाताना बायको त्याला फैलावर घ्यायची. जन्मात अन्न पाहिलं नाही असं काय खाताय, मी काय उपाशी ठेवते तुम्हाला, जावईसुद्धा बघत होते. तो ॲसिडिटीची गोळी चघळत निमूट ऐकायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त याचं तोंड वर भरलेलं होतं.

खाण्यानं माणूस जडावतो, पण तो थकला होता तो सोंगानं. दादाचा त्याला रागही येऊ लागला. एका दुपारी तो निर्धार करून स्वयंपाकघरात गेला, की आता सांगूनच टाकायचं. वहिनी ओव्हनसमोर वाकून गरम ट्रे बाहेर काढत होत्या. केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी मागे न बघता विचारलं, यांना आवडलं का आजचं? याच्या तोंडून निघून गेलं, "आवडलं की. दोनदा घेतलं." नंतर त्यानं पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

मुलगी गेली, सुट्टी संपली, तरी दादाचं धाकट्याला जेवायला बोलावणं आणि उद्या सांगतो, परवा सांगतो म्हणणं चालूच राहिलं. आणि ऑपरेशन आठवड्यावर येऊन ठेपलं.

अशात एका सकाळी वहिनी टेबलक्लॉथ घेऊन लॉन्ड्रीत आल्या. कापड घेताना ते काउंटरवर पूर्ण पसरायचं, एकेक डाग दाखवून कशाचा ते गिऱ्हाइकाला विचारायचं आणि शेजारी निळ्या खडूनं खूण करायची, ही डागदरची पद्धत. तेलाला एक औषध लागतं, वाइनला दुसरं, आणि चुकलं तर डाग कायमचा बसतो. घरचं माणूस म्हणून तो हे टाळू शकला असता. पण सवयीनं त्यानं कापड पसरलं आणि सवयीनंच विचारत गेला. हा? नातवाचं चॉकलेट. हा? जावयांची वाइन. हा मेणबत्तीचा.

विचारत विचारत खडू दादाच्या टोकाला आला. दरवर्षी सगळ्यात मळलेलं असायचं ते हे टोक, आणि आज तिथे कापड कोरं होतं. त्याच्या कडेपासून धाकट्याच्या जागेपर्यंत मात्र रश्श्याच्या थेंबांची वाट पडली होती, डागावर डाग, कितीतरी जेवणांचे. त्याचा हात थांबला.

"हे कशाचे ते तुम्ही सांगा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

त्यानं खडू खाली ठेवला. वहिनीच बोलत राहिल्या, अगदी हळू आवाजात. स्वयंपाकघराकडे वळलं की समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांना पाठमोऱ्याही टेबल दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मग विचारलं का नाहीत मला?"

"तुम्ही कधी नको म्हणताय याची वाट बघत होते. म्हणून तर दुप्पट वाढत होते. वाटायचं, आज तरी हे दमतील, ताटावरून उठतील, मग मी विचारीन. तुम्ही उठलाच नाहीत."

मग त्यानं सांगितलं. गाठ, नळी, ऑपरेशनची तारीख, सगळं. सांगता सांगता भल्या मोठ्या पोटाचा तो माणूस काउंटरला धरून रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की मग यांच्या घशाखाली उतरतं तरी काय?

दूध, तो म्हणाला. कोमट, घोट घोट. फिरायला जातो म्हणून दादा रोज सकाळी इथेच येतो, चहाच्या शेगडीवर मी तापवून देतो, त्यावरच दिवस काढतो.

वहिनींनी त्या कोऱ्या टोकावरून हात फिरवला.

"म्हणजे माझ्या टेबलावर ते उपाशी बसत होते," त्या म्हणाल्या. "आणि मी वाढत होते."

वहिनींनी पर्स खुर्चीवर ठेवली, काउंटरला वळसा घालून त्या आत आल्या, दुधाचं भांडं कुठे आहे विचारलं आणि शेगडी पेटवली. डागदरला वाटलं, बाहेर जाऊन दादाला आधीच गाठावं, सावध करावं. पण सुट्टीभराचा थकवा पायांत उतरला होता. तो चादरींच्या गाठोड्यावर बसला तो बसलाच.

दादा नेहमीसारखा आला, दार लोटून आत पाऊल टाकलं आणि वहिनींना बघून उंबऱ्यातच उभा राहिला. त्यानं एकदा भावाकडे पाहिलं. मग पसरलेल्या कापडाकडे पाहिलं. वहिनी पेला घेऊन पुढे आल्या.

"कोमट केलंय," त्या म्हणाल्या. "बघा, जातंय का."

दादानं पेला घेतला. वहिनींनी खालून आपला हात लावला. त्यानं एक घोट घेतला, आणि तो खाली उतरेपर्यंत त्या त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या.