कागदावरचा धाकटा

निरंजन मंडल यांना जन्मभर एकाच प्रश्नाची धास्ती: तुम्ही मूळचे कुठले? पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांबरोबर आलेलं हे पोर नवेगाव बांधजवळ धानाची शेती करत म्हातारं झालं, झाडीबोली बोलू लागलं, तरी धास्ती काही जाईना. म्हणून ग्रामपंचायतीत सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डाचं शिबिर लागलं तेव्हा छावणीतल्या नोंदीपासून नागरिकत्वाच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद पिशवीत कोंबूनच ते गेले. खुब्याचा सांधा बदलायचा होता. कार्ड मिळालं तर ऑपरेशन, नाहीतर काठी. सोबत धाकटी बहीण शेफाली होती. तिलाही कार्ड काढायचं होतं.

कुठले, हे कोणी विचारलंच नाही. कार्ड काढणाऱ्या भुपेंद्रने दोघांचे आधार नंबर टाकले आणि मान हलवली.

"बाबा, तुमचं नाही होत. तुमी अडुसष्ट वर्षांचे. आजीचं झालं, त्या सत्तर वर्षांच्या."

"अरे, मी हिच्यापेक्षा दोन वर्षानं मोठा आहो!"

"कागदावर लहान आहा ना. छावणीच्या नोंदीतबी तेच आहे. तुमीच तर दाखवून राहिले."

चूक कोणाची, हे निरंजनना पक्कं ठाऊक होतं. रायपूरकडच्या छावणीत सात वर्षांखालच्या मुलांना दूध मिळायचं. बापाने दहा वर्षांच्या निरंजनला सहाचा सांगितलं. पोर काडीसारखं, थाप खपून गेली. आठ वर्षांच्या शेफालीचं वय मात्र खरं लिहिलं. एका घरात दोन थापा पचल्या नसत्या, आणि एकच मारायची तर पोरासाठी, हे बापाला कोणी शिकवायला नको होतं. पुढे शाळा, आधार, सगळं त्या नोंदीवरून उतरत गेलं.

"वयाचा पुरावा आणा, मंग पाहू," भुपेंद्र म्हणाला.

पुरावा आणायचा कुठून? जन्मगाव सीमेपलीकडे राहिलं. निरंजन चिडले, मग ओशाळले.

शेफाली पुढे झाली. "मी लिहून देतो. हा मोठाच आहे."

"आजी, तुमी तवा आठ वर्षांच्या. तुमाले काय आठवते?"

"सारं आठवते. दूध हा पेत होता. पेला मी धुवत होती. धुवायच्या आधी बोट फिरवून चाटत होती."

बासष्ट वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. निरंजननी कागद पिशवीत भरले. ऑपरेशनचं पुढे काय, हे त्या दिवशी त्यांनी कोणालाच विचारलं नाही.