गच्चीवरचा चुना

ओल्या चुन्याचा वास आला की डोंबिवलीतली आमची वरच्या मजल्यावरची खोली आठवते. मे महिन्यात स्लॅब असा तापायचा की तीन महिन्यांची आमची लेक घामोळ्यांनी रडून लाल व्हायची. "हिला घेऊन परत माहेरी जाते मी," बायको एकदा रडवेली होऊन म्हणाली. ते कानावर पडताच खालच्या मजल्यावरचे म्हातारे गवंडीकाका चुन्याची बादली घेऊन वर आले. "गच्ची पांढरी केली की ऊन आत शिरत नाही रे," म्हणाले. काकांनी आणि मी मिळून अख्ख्या गच्चीला चुन्याचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लेक गाढ झोपली. काकांनी दारातूनच कुजबुजत विचारलं, "झोपली?" बायकोने माहेरून आणलेला डिंकाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. लेक जागी होईल म्हणून मी मात्र गप्पच राहिलो, आणि आभार मानायचे राहिले ते आजतागायत.