भावाने न सांगितलेली भरती

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातला बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा व्हर्नेटा हॉलिस छत्तीस वर्षांची होती. अकरा वर्षं ती पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी राहिली. निघताना हाती आलं एक शिफारसपत्र आणि दुखरे गुडघे.

तिचा थोरला भाऊ अलोन्झो युनियनचा इलेक्ट्रिशियन. त्याचा पगार घरात सगळ्यांना पाठ होता, कारण रविवारी आईकडे जेवताना तोच सांगायचा. तासाला चव्वेचाळीस डॉलर, वर पेन्शन, वर पोरांच्या दातांपर्यंतचा विमा. अशाच एका रविवारी व्हर्नेटाने विचारलं, की या कामाला मी लागू शकते का?

अलोन्झोने ताटातल्या कोंबडीवरून नजर काढली नाही. "युनियनची यंदाची शिकाऊ भरती संपली. आणि ते पोरं घेतात, नेटा, अठरा-वीसची. बीजगणिताची परीक्षा असते."

तिने विश्वास ठेवला आणि एका गोदामात पार्सलं उचलायला लागली.

महिनाभराने चर्च सुटल्यावर मिसेस टॉलिव्हर नावाच्या शेजारीणबाईंनी तिचा हात धरून आनंदाने सांगितलं, की त्यांच्या भाच्याचा अर्ज भरून झाला. अलोन्झो स्वतः त्याला गाडीत घालून युनियनच्या कचेरीत घेऊन गेला, गणितंही करून घेतली. देव भलं करो तुझ्या भावाचं. भरती अजून शुक्रवारपर्यंत चालू आहे म्हणे.

व्हर्नेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चच्या कपड्यांतच, डोक्यावरची हॅटही न काढता, ती अलोन्झोच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली.

"खोटं का सांगितलंस?"

तो फडक्याने हात पुसायला लागला. मग म्हणाला, "बांधकामाच्या साइटवरची भाषा तुला झेपायची नाही."

"आणि कारखान्यात काय प्रार्थना म्हणायचे?"

"बायकांबद्दल जे बोलतात ना तिथे..." तो अडखळला. "मीही हसतो त्यात. तू आलीस तर मला हसता येणार नाही, त्यांना उलट बोलावं लागेल. वीस वर्षांत मी कधी बोललो नाही, नेटा."

बहिणीची काळजी वाटली म्हणाला असता, तरी तिने कदाचित गिळलं असतं. पण याला काळजी साइटवर मित्रांबरोबर डबा खायच्या टेबलाची होती! त्या टेबलावरची जागा टिकावी म्हणून यानं तिला पार्सलं उचलायला लावली. ती निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जाचे पंचवीस डॉलर भरून आली.

बीजगणित तिने वाचनालयात बसून पुन्हा पहिल्यापासून केलं. पेन्सिल इतकी दाबून लिहायची की कागद फाटायचा. परीक्षा पास झाली. मुलाखतीला पाच जण बसले होते. एकाने आडनाव वाचून विचारलं, अलोन्झो तुमचा भाऊ ना, मग त्याचं शिफारसपत्र कसं नाही?

"ते त्यालाच विचारा," व्हर्नेटा म्हणाली.

दुसरा, पिकल्या मिशांचा, जरा मऊपणे म्हणाला की पहिल्या वर्षी तासाला अठराच मिळतात, मग दरवर्षी वाढ, पूर्ण पगाराला पाच वर्षं लागतात. या वयात परवडेल का?

"कारखान्यात एकोणीस मिळायचे. एक डॉलर कमी घेऊन सुरू करते आणि पाच वर्षांनी चव्वेचाळीस घेते. हे मला अकरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर आज मी टेबलाच्या तुमच्या बाजूला बसले असते."

दोन महिन्यांनी तिला घेतल्याचं कळलं.

तिला काम मिळालं ते एका इस्पितळाच्या नव्या इमारतीवर, आणि अलोन्झोही तिथेच होता. काही आठवड्यांतच संडासाच्या दारावर कुणीतरी तिचं नाव घालून घाण लिहिलं. दुपारपर्यंत त्यावर पांढरा रंग फासलेला होता. अलोन्झोच्या बाहीवर तोच रंग तिला दिसला.

"कुणी लिहिलं ते तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"पुसलं ना मी."

"पुसायला मलाही येतं. चारचौघांत नाव घे त्याचं."

त्या महिन्याच्या युनियनच्या सभेत अलोन्झो उठला. तिथे सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात. दाराचं प्रकरण त्याने थोडक्यात सांगितलं, रस स्टँक्लिफ या सहकाऱ्याचं नाव घेतलं, आणि असल्या गोष्टींवर मीही आजवर हसत आलोय, असं खालमानेने बोलून तो बसला. चौकशी झाली, स्टँक्लिफला दंड करून दुसऱ्या साइटवर धाडलं. अलोन्झोच्या पंगतीतले तिघे-चौघे त्याच्यापासून उठून दुसरीकडे जेवायला लागले.

आईला वाटलं, मिटलं आता. पुढच्या रविवारी ती व्हर्नेटाला म्हणाली, भाऊ उभा राहिला तुझ्यासाठी, आता तरी नीट बोल.

"राहिला, आई. पण मी खोक्यांत बाटल्या भरत होते तेव्हाही युनियन हीच होती आणि भाऊही हाच होता."

अलोन्झो समोरच बसला होता.

व्हर्नेटाचं आता तिसरं वर्ष चालू आहे, पगारही चढतोय. एखादी जोडणी अडली की ती अलोन्झोला फोन करते, तो अर्धा अर्धा तास समजावतो, ती ऐकून घेते आणि फोन ठेवते. त्यापलीकडे दोघांत अजून बोलणं नाही.