गुरूपर्यंत एकोणचाळीस साखळ्या

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले त्याला वर्ष होत आलं होतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि आमच्या घरामागे नजर पोचेल तिथवर भातशेतं होती. सासरे मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. ठाणे जिल्ह्यातली गावंच्या गावं त्यांनी पायी मोजली होती. ते माझ्याशी फार बोलत नसत, मीही मामंजींपुढे जेवढ्यास तेवढं बोले.

एकदा दिवेलागणीला त्यांनी मला अंगणात बोलावलं. तिपाईवर त्यांची मोजणीची जुनी दुर्बीण उभी होती. उगवतीला गुरू आला होता. मी डोळा लावला. एक लहानशी पिवळसर चकती दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, चार ठिपके. ते त्याचे चंद्र, असं त्यांनी सांगितलं. मी न राहवून विचारलं, "तिथे माणूस जाईल का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहासष्ट फुटी साखळी काढून म्हणाले, "चल, किती लांब आहे ते बघू."

कापणी होऊन गेली होती. बांधावर दुरुस्तीसाठी काढून ठेवलेलं बैलगाडीचं चाक होतं. तो सूर्य. साखळीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. साडेसाताव्या साखळीला त्यांनी रिठ्याची बी ठेवली आणि शेजारी, हातभरही अंतर न सोडता, एक बारीक दाणा. पृथ्वी आणि आपला चंद्र. तेवढंसुद्धा अजून कुणी ओलांडलेलं नव्हतं.

पुढे आम्ही चालतच राहिलो. शेताची मालकीण विळा हातात घेऊन मागून येत होती. आपल्या शेतातून सरकारी रस्ता जाणार, असं तिला वाटलं होतं. मामंजींनी तिला शांतपणे सगळं समजावलं. तिला किती पटलं कोण जाणे, पण ती परत फिरली नाही.

एकोणचाळीस साखळ्या झाल्यावर त्यांनी पिशवीतून नारळ काढून ढेकळांत ठेवला, सभोवती तुरीचे चार दाणे मांडले. सगळ्यांत लांबचा दाणा नारळापासून चार हातांवर. मग म्हणाले, "आता मागे बघ."

चाकाचा जेमतेम ठिपका दिसत होता. रिठ्याची बी तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. गुरूवरून सूर्य एवढाच दिसतो, ते म्हणाले. त्या बीवर आमचं घर, माझं माहेर, कधी न पाहिलेले सगळे समुद्र. आणि इथे, तुरीच्या दाण्यावर उभं राहिलं तर डोक्यावर केवढा तरी गुरू, आणि दुपारीसुद्धा उन्हं कलल्यासारखा उजेड.

विमानाच्या वेगानं निघालं तर किती लागतील, याचा हिशेब मामंजींनी रात्रीच केला होता. दीडशे वर्षं.

मालकीण म्हणाली, "मंग बालंतपनं वाटंलाच व्हायाची."

"इतकी वर्षं मोजणी केली, पण हे माझ्या ध्यानात आलं नसतं," मामंजी तिला म्हणाले.

मला चौथा महिना होता आणि घरात ते फक्त सासूबाईंना ठाऊक होतं. मी तिथेच बांधावर बसले. वाटेत जन्मलेलं मूल कसं असेल? त्याला नदी सांगावी लागेल, चिखल सांगावा लागेल. पुढच्या पिढ्यांत तर आईनंही ते पाहिलेलं नसेल. आणि तरी एके दिवशी त्या घराण्यातलं कुणीतरी खाली उतरेल, चार चंद्रांपैकी एकावर पाय ठेवेल आणि वर बघेल. त्या माणसाबद्दल मला एकदम माया वाटली.

साखळी गोळा करताना मामंजींनी माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. "तू सावकाश ये," म्हणाले. त्यांना कळलं होतं की काय, मी कधी विचारलं नाही. मालकीण आणि मी बराच वेळ तिथेच बसून होतो.