द्वारकाबाईंच्या धुऱ्यावरचा दगड

गेल्या रविवारी लोधीखेड्याच्या पुढच्या एका खेड्यात माझी चांगलीच जिरली. खरं तर लिहायचं मनात नव्हतं, दमलोय... पण माझ्यासोबत तिथे फिरून गेलेले बरेच जण इथे आहेत, त्यांना सांगायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी पांढुर्ण्याचा, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालो. सहा वर्षांपासून नागपूरच्या हौशी लोकांना सौसर तहसीलमधली जुनी गावं पायी फिरवतो. छप्पन साली राज्यांची नवी रचना झाली तेव्हा ही मराठी बोलणारी गावं मध्य प्रदेशातच राहिली आणि सगेसोयरे पलीकडे मुंबई राज्यात गेले, हा माझा विषय. मारुतीचा पार, पाटलाचा दरवाजा, शाळेच्या भिंतीवरची पुसट मराठी अक्षरं, असं करत शेवटी वावरात.

आता गुडघे बोलतात. तीच वाक्यं, तेच विनोद, त्याच जागी तोच हशा... गेल्या वर्षापासून तर मला माझाच कंटाळा आला होता.

तर तो दगड. पहिल्याच फेरीत एका बाईंनी विचारलं, नेमकी बॉर्डर कुठे आहे? खरी हद्द तिथून दीड किलोमीटरवर, नाल्यापाशी. ऊन मी म्हणत होतं, लोक दमले होते, मीही. समोर दोन वावरांच्या मधल्या बांधावर, आम्ही त्याला धुरा म्हणतो, एक उभा दगड होता. मी ठोकून दिलं, "हीच!"

लोकांना इतका आनंद झाला की काय सांगू... एक पाय मध्य प्रदेशात, एक महाराष्ट्रात, असे फोटो निघाले. पुढच्या खेपेला मी घरून चुना नेला, दगड पांढरा केला आणि लाल रंगाने वर '१९५६' घातलं. इतिहासाच्या मास्तरने! यात कोणाचं काय जातं, असं वाटलं होतं.

रविवारी अकरा जण होते. फोटो चालू असताना एक म्हातारी धुऱ्याने आली, डोक्यावर संत्र्यांचं टोपलं. ते उतरवून ती बाजूला उभी राहिली, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत थांबली. मग हळूच मला म्हणाली, "गुरुजी, याले रंग तुमी मारला का?"

मी हो म्हणालो... खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

तिचं नाव द्वारकाबाई. एका बाजूचं वावर तिचं, दुसऱ्या बाजूचं तिच्या पुतण्याचं, राजूचं. दगड त्या दोघांच्या धुऱ्याचा, तिच्या सासऱ्याने रोवलेला. तीन वर्षांपूर्वी राजूने तो उपटून चार हात तिच्या बाजूला सरकवला, नेमका तिची बैलबंडी जायच्या वाटेवर. ती भांडली, पंच बसले. पंच म्हणाले, हा तर सरकारी दगड, त्यावर साल आहे, नागपूरहून लोक बघायला येतात, गुरुजी स्वतः दाखवतात... तो कसा सरकेल? तेव्हापासून तिची संत्री डोक्यावरूनच रस्त्यापर्यंत जातात.

चार हात! दर महिन्याला मी तिथे उभा राहतो आणि मला पत्ता नाही. दगडाकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मोबाइल काढणाऱ्या लोकांचे खूश चेहरे तेवढे बघत होतो.

लाज वाटली हो. तिथेच सगळ्यांना सांगितलं की हा दगड बॉर्डरचा नाही, सहा वर्षं मी थापा मारतोय. कोणी हसलं नाही. एक जण मोबाइलमधला आत्ताच काढलेला फोटो बघत राहिला.

एवढ्यात गर्दी बघून राजू आला. सगळं ऐकून म्हणाला, "आता काऊन पलटून राहिले गुरुजी? तुमीच त सांगत होते सगळ्याइले." त्याचं काही खोटं नव्हतं. मी म्हणालो, मीच सांगत होतो, आणि आता पटवाऱ्यासमोरही मीच सांगीन.

बुधवारी पटवारी आला. नेमका माझाच जुना विद्यार्थी! त्याने साखळी ओढून मोजणी केली आणि पंचांसमोर मी लिहून दिलं... रंग माझा, साल माझं, गोष्टही माझीच. कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा मी, सही करताना त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. राजूने सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि दगड खणून जुन्या जागी रोवला.

मग मी तारेच्या ब्रशने रंग खरवडत बसलो. दोन तास लागले, कंबर राहिली नाही. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, काकू, चुकलं माझं.

"मी लहान होती तवा," त्या म्हणाल्या. "सरकारनं लाइन काढली म्हने. पन ते आमच्या वावरातून नाई गेली, गुरुजी. आमच्या वावरात लाइन त तुमीच काढली."

रागाने नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं...

संध्याकाळी त्यांची बंडी भरून त्या वाटेने गेली, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितली आणि मला रडू आलं. एवढ्यावर मला सोडलं आणि वर चहा पाजला, याबद्दल काकूंचे उपकार कसे मानायचे तेच कळत नाही.

फेऱ्या सध्या बंद. पुढे कधी निघालोच तर नाल्यापर्यंत चालायचं, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी तिथे फोटो काढले, त्यांना एक विनंती. फोटो डिलीट करू नका. फक्त त्याखाली खरं काय ते लिहा... गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक फोटोत तुमचे दोन्ही पाय द्वारकाबाईंच्या वावरात आहेत.