जिथून पृथ्वी उगवते

सातपूरच्या एका कारखान्यात धोंडीराम शेवाळे टाइमकीपर होते. कामगारांच्या कार्डांवर वेळ बरोबर उमटते की नाही, हे पाहण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायको वारली. पुढे दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी फारसा काढला नाही, त्यांनीही काढला नाही. कॉलनीतल्या शेवटच्या खोलीत ते एकटे राहत.

महिन्यातून एक दिवस मात्र त्यांच्या दाराशी माणसं थांबत. संकष्टीला. धोंडीराम पंचांग पाहून, हिशेब करून चंद्रोदयाची वेळ काढत आणि दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत. पावसाळ्यात या फळ्यावाचून कुणाचं चालत नसे. चंद्र ढगांआड असला, तर फळ्यावरची वेळ झाली की बायका पूर्वेकडे हात जोडत आणि उपास सोडत.

समोरच्या ओळीतल्या वत्सलाबाईंना वाचता येत नसे. त्या दाराशी येऊन विचारत. लेकीला मूल व्हावं म्हणून त्यांनी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या.

एकदा धोंडीराम वहीत काही लिहीत बसले होते. वत्सलाबाईंनी डोकावून पाहिलं.

"काय लिहिता हो भाऊ एवढं? कारखान्याचं काम घरी आणलं का?"

"नाही. चंद्रावरून आभाळ कसं दिसेल ते लिहितोय."

"अगं बाई! तिकडं राहायला निघाले का काय?"

धोंडीराम हसले. त्यांना हसताना कॉलनीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. माणसं चंद्रावर उतरली, तेव्हा सगळे रेडिओभोवती जमले होते. तिथे गेल्यावर वर काय दिसत असेल, हा प्रश्न धोंडीरामांच्या मनात तेव्हापासून राहिला होता. वाचनालयातून इंग्रजी पुस्तकं आणून, डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी वही भरत आणली होती. तिथे हवा नाही, म्हणून भर दुपारीही आभाळ काळं. उन्हाकडे पाठ करून डोळ्यांवर हात धरला, तर दिवसासुद्धा तारे दिसतील, आणि ते लुकलुकणार नाहीत. सूर्य उगवला की दोन आठवडे मावळायचा नाही. आपल्याकडे संकष्टी असेल तेव्हा तिथल्या आभाळात पृथ्वीची चतुर्थीची कोर दिसेल, आपल्या चंद्राच्या चौपट रुंद.

वत्सलाबाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या. "मंग तिथल्या बाईनं संकष्टी धरली, तर तिनं पृथ्वी उगवायची वाट बघायची?"

"पृथ्वी तिथे उगवत नाही. एकाच जागी असते, कायम. आणि पलीकडच्या अर्ध्या भागातून तर दिसतच नाही."

"म्हंजी तिनं उपाशीच राहायचं? हे काय बरं नाय भाऊ. तिच्या जेवणाचं काहीतरी बघा." त्या हसत उठल्या आणि गेल्या.

धोंडीरामांनी ते मनावर घेतलं. त्या पुढच्या वेळी येतील तेव्हा उत्तर तयार हवं, असं त्यांना वाटू लागलं. कामावरून आले की चहा घेऊन ते वही उघडत. एकोणऐंशीच्या श्रावणात त्यांना ती जागा सापडली. चंद्र आपल्याकडे एकच बाजू दाखवतो, पण किंचित डुलतो. त्यामुळे चंद्राच्या अगदी कडेला उभं राहिलं, तर पृथ्वी क्षितिजावर येते, काही दिवस राहते, पुन्हा खाली जाते. महिन्यातून एकदा उगवते. तिचं बिंब पूर्ण वर यायला दिवसाहून जास्त वेळ लागतो, पण उगवते.

तो दिवस संकष्टीचा होता. एका हाताखाली वही, दुसऱ्या हाताखाली पंचांग. त्याच आनंदात त्यांनी फळ्यावर वेळ लिहिली, आठ अडतीस.

आभाळ भरलेलं होतं. आठ अडतीसला घराघरांतून ताटं वाढली गेली. वत्सलाबाईंची ही एकोणिसावी संकष्टी. नऊच्या सुमारास पूर्वेकडचे ढग सरले. तिथे चंद्र नव्हता. बायका हात धुऊन अंगणात आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. नऊ वाजून काही मिनिटांनी शेतांच्या पलीकडे तांबूस कड वर आली.

धोंडीरामांनी घाईने पंचांग पाहिलं. वरची, आदल्या दिवसाची ओळ त्यांनी वाचली होती.

कुणी भांडलं नाही. "आता पयल्यापासून," एवढंच वत्सलाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्या संकष्टीला फळ्यापाशी कुणी थांबलं नाही. संध्याकाळी धोंडीराम वही घेऊन वत्सलाबाईंच्या दाराशी गेले. भिंतीवर नवं कॅलेंडर लावलेलं होतं.

"या ना," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "शेजारच्या पोरानं वाचून सांगितली वेळ. नऊ पाच."

"ती मुंबईची असते. आपण पूर्वेला. आपल्याकडे चार मिनिटं आधी उगवतो, नऊ एकला."

"आधी ना?" त्यांनी क्षणभर विचार केला. "मंग राहू द्या भाऊ. चार मिनिटं जास्तीची उपाशी राहिलेलं परवडलं."

हे खरंच होतं. वहीतली जागा त्यांना सांगायची होती, ते पान बोटाने धरूनच ठेवलं होतं. वत्सलाबाई भाजी निवडू लागल्या. "येतो," म्हणून ते परत फिरले.

रात्री ते गच्चीवर गेले. आभाळ स्वच्छ होतं. नऊ एकला शेतांवर चंद्राची कड दिसली. खाली सगळी दारं बंद होती, आत ताटं मांडल्याचे आवाज येत होते. चंद्र हळूहळू वर सरकला, जमिनीपासून सुटला. धोंडीराम कठड्याला टेकून पाहत राहिले. नऊ पाचला एकेक दार उघडलं आणि हातात निरांजन घेऊन बायका अंगणात आल्या. वर गच्चीकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्यासाठी चंद्र तेव्हा उगवला.